मामांचे न दिसणारे पाहुणे

माझ्या चुलत सासऱ्यांइतकी दुसऱ्याच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. आम्ही त्यांना मामा म्हणतो. रस्ता चुकलेला ट्रॅक्टरवालासुद्धा त्यांच्या ओट्यावरून कधी उपाशी गेला नाही. पण पाटोद्याच्या शेती शिबिरात कुणीतरी जिवाणूंवर व्याख्यान दिलं आणि मामांच्या जिवाला नसता घोर लागला. काही जिवाणू मेलेलं कुजवून खातात, काही दुसऱ्याच्या जिवावर जगतात, काही उन्हात आपलं अन्न आपणच करतात आणि काहींचं तर म्हणे लोखंडावर नि गंधकावर भागतं. मामांनी ऐकलं सगळं; कोण काय खातो एवढंच नेमकं घोटाळ्यात पडलं.

घरी येताच, जिवाणू लोखंड खाऊन टाकतील म्हणून, त्यांनी शेतातला कोयता आणि कुदळ उचलून माजघरात ठेवली. पिकाला घालायच्या जीवामृताच्या ड्रमात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पडायचंच; एकादशीला मात्र त्यांनी बेसनाऐवजी भगरीचं पीठ घातलं. "त्यास्नी उपास काहून?" मामींनी विचारलं. "आपल्या घरी राहत्यात, तर रीत आपलीच," मामा शांतपणे म्हणाले. मी बारावीला सायन्स घेतलं होतं, म्हणून हे खटले माझ्याकडे यायचे. मी आठवेल तसं समजावत असे आणि समजावता समजावता माझंच डोकं गरगरायला लागे.

खरी पंचाईत हरभऱ्याने केली. मामांची एकुलती लेक पुण्याकडे दिलेली. संक्रांतीला ती येते आणि घरामागच्या पट्ट्यातला हरभरा जाळावर भाजून बापलेक हुळा खात बसतात. त्या एका दिवसावर मामा वर्ष काढतात. यंदा पीक जोरदार यावं म्हणून त्यांनी बियाण्याला चोळायचं जिवाणू खताचं पाकीट आणलं. अंधाऱ्या फडताळात ते बिचारे उपाशी राहतील म्हणून पेरणीआधी पाकीट पत्र्यावर उन्हात ठेवलं, खाऊन घ्या म्हणून. पुढे रोप वर आल्यावर मुळांना गाठी धरल्या का, म्हणजे पाहुणे रुळले का, हे बघायला ते रोज एकदोन रोपं उपटू लागले. गाठ काही दिसेना. पट्ट्याला टक्कल पडत चाललं. लेकीला काय मुळ्या खाऊ घालायच्या का, म्हणून मामी कावल्या आणि मला बोलावणं आलं.

त्या पाकिटातले जिवाणू उन्हाने मरतात, हे मी सांगून बसलो. सांगायला नको होतं. मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

सकाळी मी एका रोपाला पाणी घातलं, खुरप्याने मातीसकट अलगद उचललं आणि मुळं बादलीत धुतली. गाठी होत्या! मामांच्या हिसक्याने त्या रोज मातीतच तुटून राहत होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघाली, म्हणजे आतले जिवंत होते. मामांना वाटलं पाकिटातले वाचले. मी म्हटलं, ते गेले असणार. हे रानातलेच जुने रहिवासी असतील. मुळाची साखर खातात आणि बदल्यात हवेतलं नत्र मुळाला देतात.

मामांनी ती मुळी हातात घेतली.

"ज्यास्नी जपलं ती मेली," ते म्हणाले, "अन् ज्यास्नी कदी इचारलं न्हाई, ती पोटभर जेवत्यात. ह्याला काय म्हणावं, जावईबापू?"

उपटणं त्या दिवसापासून थांबलं. उरलेल्या पट्ट्यात एका जाळापुरता हुळा होईल असं मामी म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. एरवी तिने हॅलो म्हणायच्या आत मामा "जेवलीस का?" म्हणून विचारतात. त्या दिवशी ते थंडीबद्दल बोलले, एसटीबद्दल बोलले, म्हशीबद्दलही बोलले. जेवणाचं नाव काढलं नाही. फोन ठेवला. मग हळूच मामींना म्हणाले, "जेवली असंल, न्हवं?"