अर्धी उदबत्ती

होडी बेटाला लागली की आबा आधी उदबत्ती काढायचे. मधोमध मोडून अर्धी पेटवायचे, होडीच्या फळीच्या फटीत खोचायचे आणि म्हणायचे, "हं, उतरा. सरली की माघारी."

परंड्याकडच्या आमच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि फुगवट्यात एक मुरमाड बेट उघडं पडतं. नदी सुरय पक्षी तिथं उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पिलं उडण्याआधी त्यांच्या पायात नंबरची कडी घालायला परवाना असलेल्या एक बाई पुण्याहून येत. नोंदी मी ठेवायचो. मी शाळेत गणित शिकवतो. आबा काठावरच्या वस्तीतले भोई, आम्हाला ने-आण करायचे.

तुम्ही अशा जागी गेला असाल तर पाहिलं असेल, माणूस उतरला की सगळे पक्षी उठतात आणि अंडी-पिलं उन्हात उघडी पडतात. म्हणून वेळेचं बंधन. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, पण आबांना ते मान्य नव्हतं. मी उदबत्ती मोजून पाहिली. एरवी वीस मिनिटं, वारा असला की चौदा.

"आबा, तुमचं माप वाऱ्यानं बदलतंय."

"वाऱ्यात पिलू बी लवकर वाळतंय, मास्तर. तुमच्या घड्याळाला कळतंय व्हय ते?"

 बाईंनी सामान आवरायला घेतलं.

कडी घालण्याला आबा बारसं म्हणत. "आज किती बारशी?" मी सांगायचो, नऊ. "नावं काय ठिवली?" मी नंबर वाचून दाखवायचो. "लई अवघड नावं. आईनं हाक कशी मारायची?"

गेल्या उन्हाळ्यात पाणी फार लवकर उतरलं. बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा वर आला आणि त्यावरून कुत्री बेटावर पोचली. आठवड्यात पिलं सत्तावीसची अकरा झाली. मी वही पुढं केली. आबांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मोजल्यानं कुत्रं आडतंय का, मास्तर?"

 पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी घरी गेलो. ते खरंही होतं. आबा दुसऱ्या दिवसापासून पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन बसले. डोक्यावर ओला पंचा. भाकरी तिथंच, झोप तिथंच. पिलं एकेक करून उडू लागली. दोन उरली होती, तेव्हा आबा उन्हानं कोसळले. त्यांच्या सुनेनं वस्तीतल्या माणसांना हाक मारली आणि आबांना धाराशिवच्या दवाखान्यात नेलं.

मी बेटावर गेलो. एक पिलू माझ्यासमोर उडालं. दुसरं कुठं दिसलं नाही. ते आधीच उडालं होतं की कुत्र्यानं नेलं, सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. आबांनी विचारलं, "दोघांचं काय झालं?" त्यांच्यामागं उभी राहून सून मला खुणावत होती, उडाली म्हणा.

न पाहिलेला आकडा मी कधी सांगितलेला नाही. म्हणालो, "एक उडताना पाहिलं. दुसरं दिसलं नाही."

आबा उठून बसले. पाय खाली सोडून चपला चाचपू लागले. "म्हंजी एक हाय अजून."

"मामा, निजा की! सलाईन निघंल!" सून ओरडली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

"आबा, तुम्ही पडा. मी बसतो तिथं."

त्यांनी माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला, चष्मा पाहिला. "पंचा भिजवून घ्या," म्हणाले आणि आडवे झाले.

मी चार दिवस बसलो. पिलू दिसलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. "मास्तर, मामा गेले. वस्तीवर आणतायत. या."

मी वही पिशवीत टाकली आणि उठलो. तेवढ्यात काठावरून दोन कुत्री पट्ट्यावर उतरली. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांना आडवा गेलो.