हाडांचं औषध घ्यायला मला दीड वर्ष लागलं

परभणीच्या हाडांच्या डॉक्टरबाईंनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "ताई, तुमची पाळी कधी बंद झाली?"

मला रागच आला. मी पाठ दाखवायला आले होते. पाठीचा आणि पाळीचा काय संबंध? तरी सांगितलं, "पिशवी काढली तवाच. एकतिसाव्या वर्षी."

"नुसती पिशवी काढली, की ओव्हरीजही काढल्या?"

ओव्हरी म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. मी दहावी पास आहे. सोनपेठला आमची पिठाची गिरणी आहे, ती मीच चालवते. कोणाच्या डब्यात कोणाचं पीठ हे मला चिठ्ठी न लावता सांगता येतं. आणि माझ्याच पोटातून काय काढलं ते मला सांगता येईना. सोबत आलेल्या मालकांकडे, माझ्या नवऱ्याकडे, बघितलं. ते खाली बघायला लागले.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन अंडाशय असतात, त्या ओव्हरी. त्यातून इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं, आणि बाईच्या हाडांची झीज ते रोखून धरतं. चाळिशीच्या आत ओव्हरी काढल्या की हाडं लवकर झिजायला लागतात.

"तुम्हाला ऑस्टिओपोरोसिस आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे हाडं आतून विरळ, ठिसूळ झालीत. हाडांच्या घनतेचा कमरेचा आकडा उणे साडेतीन आलाय. उणे अडीचपासून आम्ही हा आजार म्हणतो. आणि तुमचा एक मणका दबून मोडलाय. तुम्हाला औषधाची गरज आहे."

हे सगळं एका डब्यापासून सुरू झालं होतं. ज्वारीचा डबा उचलून गिरणीच्या वरच्या तोंडात ओतत होते, रोजच्यासारखाच, आणि पाठीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला. लचक भरली म्हणून दोन महिने तेल लावलं, शेक घेतला. रात्री कुशीवर वळता येईना. शेवटी परभणीला एक्स-रे काढला. मग डॉक्टरबाईंनी हाडांची घनता मोजायच्या डेक्सा स्कॅनला नांदेडला पाठवलं. या तपासणीत टेबलावर निजायचं, वरून यंत्र फिरतं, काही टोचत नाही, दुखत नाही. पाच-दहा मिनिटांत होते. रांगेत मात्र मी तीन तास बसले. मी एक्कावन्न वर्षांची, आणि माझ्या आधी सगळ्या सत्तरीच्या म्हाताऱ्या होत्या. एकीनं विचारलं, "सासूला आणलंय का?"

घरी आल्यावर मी लोखंडी पेटी उघडली आणि जुनी फाईल काढली. पुढच्या भेटीला डॉक्टरबाईंना दाखवली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत काही अक्षरं होती. त्यांनी वाचून सांगितलं: पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत.

"कशासाठी?" मी विचारलं. "गाठ होती का?"

त्यांनी सगळे कागद उलटून-पालटून बघितले. "यात तरी तसं काही लिहिलेलं नाही. काढलेला भाग तपासायला पाठवल्याचाही कागद नाही."

मला सगळं आठवत होतं. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. दुसऱ्या तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "दोन लेकरं झाली ना? मग पिशवीचं काय काम? ठेवली तर पुढे कॅन्सर होईल." कॅन्सर म्हटल्यावर कोण विचार करत बसतं? चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. सही मालकांनी केली. मला सांगायला लाज वाटते, पण मी खूश होते. पाळीची कटकट गेली, देवाधर्माला मोकळी झाले. मग वर्षभर अंगातून वाफा निघायच्या, घामानं झंपर भिजायचं, उगीचच रडू यायचं. सासूबाई म्हणायच्या, अंगात उष्णता झालीय, सब्जा पी.

माझी जाऊ मंदा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. माझ्या ऑपरेशनला दोन वर्षं झाल्यावर तिलाही तसाच त्रास सुरू झाला. मीच तिला म्हणाले, "भिऊ नको, मी हाय ना. चार दिवसाचं काम हाय." मीच तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. मंदा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.

डॉक्टरबाईंनी औषधाचं नीट समजावून सांगितलं होतं, ते इथे लिहिते. एक गोळी असते, आठवड्यातून एकदा. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, गलासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा प्यायचा नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. मला जुनी ॲसिडिटी आहे, म्हणून मला दुसरा मार्ग सुचवला: झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा सलाईनमधून. त्याआधी किडनीची रक्ततपासणी, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम भरून काढणं, आणि दात दाखवून घेणं. कारण या औषधानं फार क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. आणि फार वर्षं घेतलं तर क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच तऱ्हेनं मोडतं.

"आणि घेतलंच न्हाई तर?"

"तर क्वचित नाही, नेहमी दिसतं तेच होईल. दुसरा मणका मोडेल. मनगट, खुबा. कधी ते मला सांगता येणार नाही. तुम्ही घरी विचार करा आणि ठरवा."

तुम्ही ठरवा. या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षांची होते तेव्हा कुणी म्हणालं नाही, ठरवा म्हणून. तेव्हा ठरवायचं ते सगळं दुसऱ्यांनी ठरवलं आणि आता मोडलेली हाडं माझ्या हातात देऊन मला विचारायला लागले.

एका सोमवारी मी एकटीच त्या जुन्या दवाखान्यात गेले. आता तिथे तीन मजले आहेत, लिफ्ट आहे. डॉक्टर म्हातारे झालेत, पण बसतात. मी फाईल पुढे ठेवली आणि विचारलं, "ओव्हरी कशाला काढल्या माझ्या?"

त्यांनी कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही. "त्या वेळी तशीच पद्धत होती. पुढे त्रास नको म्हणून काढायचो."

"मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असेल. तुमच्या लक्षात नसेल. कॅल्शियमच्या गोळ्या पण लिहून दिल्या असतील." मग बाहेर आवाज दिला, "पुढचा पेशंट."

पुढच्या पेशंटबरोबर तिची सासू होती. मी दारात त्या पोरीकडे बघत उभी राहिले, पण तिला काही सांगितलं नाही. ती आत गेली. ती कशासाठी आली होती हे मला आजही माहीत नाही.

त्या दिवसापासून मी औषध घ्यायचं नाही असं ठरवलं. मालकांना म्हणाले, "एका डॉक्टरच्या शब्दावर पोट रिकामं करून घेतलं. आता दुसऱ्याच्या शब्दावर अंगात काय भी सोडून घेणार न्हाई."

मालक म्हणाले, "तुझी मर्जी." त्यांनी सेलूहून डिंक आणला. मी नाचणी खाल्ली, तीळ खाल्ले, सकाळच्या उन्हात बसले. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, हाडाच्या औषधानं जबडा सडतो म्हणून. तो मी पाच-सहा वेळा बघितला. खरं सांगते, तो बघून मला बरं वाटायचं. आपलं बरोबर आहे असं वाटायचं.

डॉक्टरबाईंकडे दर चार महिन्यांनी जात होते, पाठीसाठी. त्या दर वेळी विचारायच्या, मी नाही म्हणायचे. त्या चिडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "नाचणी चांगलीच आहे ताई. पण तुमच्या हाडाला ती एकटी पुरणार नाही." 

आणि या सगळ्या काळात मी मंदाला काही सांगितलं नाही.

हे लिहिताना हात थांबतो. पण हे नाही लिहिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दर आठ दिवसांनी ती दळण घेऊन यायची. माझ्या पाठीचा पट्टा बघून विचारायची, "अक्का, अजून दुखायलंय का?" मी म्हणायचे, "वय झालं गं." रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगायचं म्हणजे तिला तिथं कुणी नेलं तेही निघणार. म्हणून गप्प राहिले.

दीड वर्षानं मंदा पडली. अंगणात कपडे वाळत घालताना ओल्या फरशीवरून पाय सरकला, एवढंच. उंचावरून नाही, गाडीवरून नाही. खुबा मोडला. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. परभणीला नेलं, त्याच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, कारण मलाच तो ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून आत रॉड घातला.

तिसऱ्या दिवशी राऊंडला आल्यावर डॉक्टरबाईंनी मंदाला विचारलं, "ताई, पाळी कधी बंद झाली?" मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी तिलाही ओव्हरीचं आणि हाडांचं सगळं समजावून सांगितलं. त्या गेल्यावर मंदा म्हणाली, "अक्का, तुमाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दीड साल झालं."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.  नर्स आली, सलाईन बदलून गेली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "तुमचं औषध सुरू हाय?"

"न्हाई."

"मंग दीड साल काय केलं तुमी?"

मी म्हणाले, "मला लय राग आला होता, मंदा. त्या डॉक्टरचा."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. पाय हलवता येत नव्हता, नुसती मान वळवली. "त्याला काय फरक पडला तुमच्या रागाचा? त्यानं तीन मजले बांधले. राग तुमचा, आन् खुबा माझा मोडला."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. रडू आलं नाही. आपण काय केलं ते पहिल्यांदा धडपणे कळत होतं. दीड वर्ष मी समजत होते की मी त्या माणसाला नाही म्हणतेय. खरं तर तो मला केव्हाच विसरला होता. नाही म्हणत होते ते मी माझ्या हाडांना. आणि मंदाला तर नाही म्हणायची संधीसुद्धा दिली नाही. तिला कळलं असतं तर ती तपासणी करून आली असती, कदाचित औषध सुरू झालं असतं. कदाचित तरीही पडली असती. ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाईंना गाठलं आणि म्हणाले, "माझं सुरू करा."

लगेच होत नाही ते. किडनीची तपासणी चांगली आली. व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं, ते भरायला दोन महिने लागले. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढायला सांगितल्या. वर्षानुवर्षं मिश्री लावून त्या किडल्या होत्या. हिरडी पूर्ण भरेपर्यंत थांबावं लागलं. हे तुम्ही आधीच करून घ्या. मी ते दीड वर्ष आधी करू शकले असते.

सलाईनच्या दिवशी सहीचा कागद आला. मी म्हणाले, "बाई, एकेक ओळ वाचून मराठीत सांगा." बाहेर पेशंट खोळंबले होते. तरी त्यांनी सांगितलं. सही मी केली. औषध जायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी ताप भरला, अंगअंग ठणकलं, दोन दिवसांत उतरला. पहिल्या वेळी असं पुष्कळांना होतं, घाबरू नका.

मंदाचंही पुढे सुरू झालं. आता ती काठी घेऊन चालते. मी डबे उचलत नाही, ते मालक करतात. माझी उंची कमी झालीय. वरच्या फळीवरचा डबा आता माझ्या हाताला लागत नाही.

दुसऱ्या सलाईनला आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो. मंदानं डॉक्टरबाईंना विचारलं, "गेलेलं भरून येतंय का?"

"थोडं सुधारेल. पण हाडं पहिल्यासारखी होणार नाहीत. यांचा दबलेला मणका उठणार नाही. पुढचं मोडू नये म्हणून हे औषध आहे."

मला त्या बाईंचे आभार मानायचे असतील तर या उत्तरासाठी. तेवीस वर्षांपूर्वी एकानं जरी मला असं सरळ सांगितलं असतं, तर ऐकायची माझी तयारी होती.

बायांनो, औषध घ्या की घेऊ नका, हे मी कोण सांगणार? मात्र तुमची पिशवी लवकर काढली असेल तर कागद शोधा, ओव्हरी काढल्या का ते विचारा, हाडं तपासून घ्या. कुणी आज पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. औषधाची भीती वाटत असेल तर ती डॉक्टरांना बोलून दाखवा. पण माझ्यासारखं दुसऱ्या कुणावरच्या रागापायी नाही म्हणू नका. आणि तुमच्या घरात, गल्लीत तुमच्यासारखीच आणखी एक असेल, तर तिला आजच सांगा. तुमची मान खाली जाणार असली तरी सांगा.

मंदा माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. दळण पोरीच्या हातानं पाठवते. परभणीला जाताना एसटीत ती माझ्या शेजारी बसत नाही, दोन सीट पुढे बसते. मागच्या खेपेला कंडक्टरनं तिच्या काठीकडे बघून मला विचारलं, "त्या मावशी तुमच्यासंगं हायत का?"

"हो," मी म्हणाले, "माझी जाऊ हाय."

मंदाला ते ऐकू गेलं. ती मागे वळली नाही. पण नाही, असंही म्हणाली नाही.