लाल काठाची पाच झाडं

बाबांनी सांगून टाकलं होतं, "ही पानगळ तुही. होळी झाली की मी पोरं पाहाले लागतो. मग रडाचं नाही."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते. विषय सांगितला की सक्करदऱ्याच्या आमच्या घरी सगळे हसायचे, कारण विषय होता वाळकी पानं. सागाचं झाड पान टाकायच्या आधी त्यातलं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं. किती घेतं आणि मातीला किती उरतं, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी एकाच झाडाची हिरवी पानं हवीत आणि पुढं त्याच झाडाची गळलेलीही.

पावसाळा सरल्यावर खाप्याच्या पुढच्या जंगलात जाऊन मी पाच सागांची हिरवी पानं आणि बुडाची माती आणली. झाडं पुन्हा ओळखू यावीत म्हणून खुणेला चिंध्या बांधल्या. रंग लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते, तिच्यासाठी कोण थांबतं! हाताशी आला तो पानं बांधायला नेलेल्या आईच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ. टराटरा फाडला आणि बांधला.

मग वाट पाहणं आलं. ते मला जमत नाही, आजही नाही. त्या थंडीत वारा सुटला की मला एकच दिसायचं. पानं पडली असतील, उडाली असतील, कुणी पेटवली असतील! जेवता जेवता उठून मी अंगणात जायची आणि वारा कुठून येतोय ते बघायची.

"बस वं एका जागी. भिंगरी लागली का पायाले?" आई ओरडायची. बाबा नुसते कॅलेंडरकडे बघायचे. त्यानं जीव आणखीच टांगणीला लागायचा.

शेवटी माघात निघाले. एकटीला कोण पाठवणार? या वेळी सोबत आई, एसटीत मांडीवर डबा घेऊन.

पोचलो आणि पाहते तो काय! पाचही झाडांखालची भुई लख्ख झाडलेली, शेणानं सारवलेली. बुंध्याशी शेंदूर फासलेले दगड, नारळाच्या कवट्या, हिरव्या बांगड्या. माझ्या काठाशेजारी आणखी कितीतरी लाल चिंध्या बांधलेल्या. खाली मात्र औषधालाही पान नव्हतं. एक म्हातारी खराटा घेऊन उभी होती.

"पानं कुठं गेली?" मी किंचाळलेच.

"जाळली. देवाच्या जागी कचरा ठेवाव का, बाई?"

माझं डोकंच फिरलं. गेलं वर्ष, गेलं सगळं, या बाईच्या खराट्यानं! हा कसला देव, ही माझ्या आईच्या लुगड्याची चिंधी आहे, असं सुनावायचं आणि ती ओरबाडून काढायची म्हणून मी हात घातलासुद्धा. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

"नको वं माय, हात नको लावू. सुनेचं पोर दोनदा पोटातच गेलं. या खेपी चवथ्या महिन्यात इथं नवस बोलली मी, आन् आता सातवा लागला."

माझा हात तिथंच राहिला. आई पुढं झाली. तिनं तो काठ निरखून पाहिला, चांगला ओळखला. मग डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "माह्या पोरीचं शिक्षण पुरं होऊ दे. तोवर तिच्या लग्नाचं नाव कोणाले काढू देणार नाही मी."

वर झाडांना अजून निम्मी पानं होती. मी आईच्या कानाशी लागले, ही पानं भुईला टेकायच्या आत झेलता आली तर? आईनं म्हातारीला सांगितलं की आमचा नवस पानांचा आहे, देवाचं पान खाली पडू द्यायचं नाही, ती आम्हीच नेणार. म्हातारीला ते एकदम पटलं. गावच्या बायकांनी जुनी लुगडी आणली, काठ्या रोवल्या आणि झाडांखाली झोळ्या बांधल्या.

घरी येऊन आईनं बाबांना नवस सांगितला. बाबा माणसांशी कडाकडा भांडायचे, देवाशी नाही. होळी आली आणि गेली. ते धुसफुसत राहिले, पण स्थळाचा विषय काढला नाही. झोळ्यांतली पानं मी पोत्यांत भरून आणली, वाळवली, दळली आणि त्यांच्यावरच माझा प्रबंध झाला. म्हातारीच्या घरी नात झाली.

मला मात्र चैन पडेना. एकदा आई भाकरी थापत असताना तिला गाठलंच. "तुले तं माहीत होतं, तो तुह्याच लुगड्याचा काठ होता. मग हात काहून जोडले?"

"मागाचं होतं म्हणून."

"चिंधीजवळ?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माणसाजवळ मागून पाह्यलं होतं, बाई. माह्या बापाजवळ, शाळा नको सोडवू म्हणून. चवथीत होती मी."