तबेल्यातलं नाव

आमच्या ह्यांनी आयुष्यात चार घोड्या बाळगल्या आणि चौघींचं नाव राणी ठेवलं. पहिली मेल्यावर दुसरी आणली तेव्हा मी विचारलं होतं, हिला काय म्हणायचं? तर म्हणाले, राणीच. घोडीला नाव कळत नाही, जिभेचा आवाज कळतो. नाव गिऱ्हाइकासाठी असतं.

मिरजेत स्टेशनापासून दवाखान्यांपर्यंत आमचा टांगा चालायचा. पुढे रिक्षा आल्या आणि टांगा बंद झाला. चौथी राणी विकली त्या दिवशी हे जेवले, झोपले आणि सकाळी उठून लाकडाच्या वखारीत कामाला लागले. आमच्या घरात रडारडीची पद्धत नव्हती.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगा इकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला येता आलं नाही. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का नवा करून घ्यायचा असतो, त्याची तारीख मिळत नव्हती. तो तसाच निघाला असता तर परत आत येता आलं नसतं आणि नोकरी गेली असती. अग्नी पुतण्यानं दिला. मुलगा फोनवर बघत होता. फोन शेजारणीनं धरला होता आणि तिचा हात हलत होता, त्यामुळे त्याला अर्धा वेळ आभाळच दिसलं असेल.

मी रडले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं झालं होतं. फक्त पायाला नंतर मुंग्या येतात. मला त्या आल्या नाहीत.

मृत्यूचा दाखला काढायला गेले तेव्हा कारकुनानं मयताचं नाव विचारलं. मी आधार कार्ड पुढे सरकवलं. तो म्हणाला, तोंडानं सांगा की आजी. मी नाही सांगितलं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात तीनदा घेतलं: लग्नात, मुलाच्या बारशात आणि पुतण्याच्या लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा. तिन्ही वेळा घाईघाईनं. इथेही लिहिणार नाही.

मुलाचं कागदांचं काम झालं तसा तो येऊन मला सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आला. घरात सून आणि नऊ वर्षांची नात. नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. दिवसभर घर रिकामं. मी नातीच्या जुन्या पुस्तकांतून इंग्रजी अक्षरं लावायला शिकले. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पण अक्षरं लावायला तेवढी पुरते.

मुलाच्या ऑफिसात एक गोरा माणूस आहे. त्याच्या बहिणीचा घोड्यांचा तबेला आहे, इथून सव्वा तासावर, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. त्या बहीणभावांबरोबर मुलानं एका शिंगरात भाग घेतला. सून म्हणाली, "अरे, लोक वीकेंडला गोल्फ खेळतात." त्यानं ऐकलं नाही. मला म्हणाला, ह्या शर्यतीत घोड्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी गाडी असते, तिच्यात माणूस बसतो आणि घोड्यानं दुडकीच चालायचं असतं. मी म्हटलं, मग टांगाच की. तो म्हणाला, "म्हणूनच घेतला, आई."

शर्यतीची यादी असते छापलेली. ती तो मला आणून द्यायचा आणि मी एकेक नाव लावायची. मुलगा नाहीतर नात अर्थ सांगायची. घोड्याचं नाव अठरा अक्षरांत बसवावं लागतं, मधली मोकळी जागा धरून. पुष्कळदा अर्धं बापाचं असतं, अर्धं आईचं. बाप 'कोल्ड फ्रंट' म्हणजे थंडीची लाट आणि आई 'संडे आंटी', तर त्यांची लेक 'कोल्ड आंटी'. तशा एक थंड मावशी माझ्याही माहितीत आहेत. एक होता 'आफ्टर यू', म्हणजे आधी तुम्ही. तो कायम दुसरा यायचा. एकाचं नाव 'आस्क माय वाइफ', माझ्या बायकोला विचारा. मालकाला कोणी विचारलं की घोडा कसा आहे, तर तो नुसतं नाव सांगत असेल. आणि एक म्हातारी घोडी होती 'नॉट टुडे'. आज नको. ती मला पटली. आम्हाला ही नावं सुचली नसती. आमच्याकडे घोडा म्हणजे राजा नाहीतर मोती.

एका शनिवारी मुलगा आम्हाला तबेल्यात घेऊन गेला. तबेला स्वच्छ होता, पण लिदीचा वास तोच. शिंगरू काळपट तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका. दारावर पितळेची पट्टी होती. मी अक्षरं लावायला लागले. सवयीनं ओठ हलवत लावते मी. चार अक्षरं झाली आणि पुढचं काय ते कळलं, तसे ओठ मिटले. ह्यांचं नाव, आणि त्याच्यापुढे टांगा.

मुलगा घोड्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, बाबांच्या नावानं काहीतरी करायचं होतं. आवडलं नसेल तर पहिली शर्यत धावेपर्यंत बदलता येतं, फॉर्म भरायचा. रागावलीस का, असं त्यानं दोनदा विचारलं. मला राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. मी म्हटलं, तुझा घोडा आहे.

मी मिरजेला परत गेले. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि जेवलीस का विचारून झालं की तो विचारायचा, आई, नाव बदलू का? मी म्हणायची, तुझा घोडा आहे. मला कळत होतं की तो घोड्याबद्दल विचारत नाही. तो आला नाही ते मी मनात धरलंय का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण त्याचं उत्तर माझ्यापाशीच नव्हतं, तर देऊ कुठून? मध्येच एकदा सुनेनं सांगितलं की घोडा खच्ची केलाय, म्हणजे शांत राहतो. मुलगा मला सांगायला लाजत होता. मी म्हटलं, ह्यांना कळलं असतं तर पोट धरून हसले असते. सूनही हसली.

यंदा पुन्हा आले. इथेही रविवार आला की तो तेच विचारायचा. सप्टेंबरात पहिली शर्यत होती. आदल्या आठवड्यात मुलानं तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. माझं ताट त्याच्या शेजारीच असायचं. मी त्याला हात लावला नाही. शुक्रवारी त्यानं तो उचलून नेला.

शर्यत दुपारची. ऊन होतं. आठ घोडे होते. पुढे एक मोटार चालते, तिला दोन्ही बाजूंना पंखासारखं फाटक असतं, घोडे त्या फाटकामागे दुडकत येतात आणि मग मोटार वेगानं निघून जाते. माईकवरच्या माणसानं आमच्या घोड्याचं नाव घेतलं. त्यातली दोन अक्षरं त्यानं गिळली आणि एक पदरचं घातलं. मला बरंच वाटलं. ते ह्यांचं नाव राहिलंच नव्हतं. पण नात बाकावर उभी राहून नाव घेत ओरडत होती आणि तिचा उच्चार स्वच्छ. आजोबांचं नाव इतक्या वेळा, इतक्या मोठ्यानं, मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी मांडीवरची पिशवी धरून बसले.

अर्ध्यापर्यंत तो तिसरा होता. मग वळणावर बिचकला आणि दुडकी सोडून चौखूर उधळला. तसं झालं की लगाम खेचून परत दुडकीवर आणावं लागतं, तोवर बाकीचे निघून जातात. टांग्याचंही तेच. घोडी उधळली तर मागची माणसं रस्त्यावर. तो शेवटचा आला. माईकवरच्या माणसानं त्याचं नाव शेवटी घेतलं, त्या वेळी जरा बरं घेतलं.

आम्ही तबेल्याकडे गेलो. त्याला धुऊन ठाणात मोकळं सोडलं होतं. तबेल्याची मालकीण बाई त्याचा पुढचा पाय उचलून बघत होती, नात तिच्यापाशी. मुलगा माझ्या शेजारी उभा राहिला. घोड्याकडे बघत म्हणाला, "आई, मी यायला हवं होतं."

मी म्हटलं, "हवं होतं."

 मीच पुढे म्हटलं, "आला नाहीस. पुतण्यानं केलं, नीट केलं. लाकडं कोरडी होती. तू आला असतास तरी हे उठून बसणार नव्हते. नोकरी गेली असती ती वर. हे इतकंच आहे. सारखं मला विचारू नकोस."

"रागावली नाहीस ना?"

"रागवायला अंगात काहीतरी लागतं रे."

मालकीण बाई अंग घासायचा खरारा आणायला बाहेर गेली. तेवढ्यात घोडा फिरला आणि दाराला आडवा उभा राहिला. नात आत भिंतीपाशी, हा मध्ये. तिनं त्याला नावानं सांगितलं, मुलानं सांगितलं, तो ढिम्म. मी पुढे झाले, त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि म्हटलं, "अहो, सरका जरा."

बावन्न वर्षांची सवय. ह्यांना मी दारातून हेच सांगायची, दिवसातून दहादा. घोड्यानं कान फिरवले, मान वळवून बघितलं आणि सरकला.

मुलगा हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला, गवताच्या गठ्ठ्यावर. तो रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही. मुंग्या आल्यासारखंही काही झालं नाही. मी हात ठेवून उभी राहिले.

मालकीण बाईनं परत येऊन विचारलं काय झालं. नातीनं तिला सांगितलं की आजी आजोबांना हीच हाक मारायची. बाईनं लगेच म्हणून बघितलं, "आ-हो." घोड्यानं कान फिरवले. कुठलाही घोडा फिरवेल, आवाज नवा होता. पण तिला पटलं. ती म्हणाली, छापील नाव वेगळं असलं तरी तबेल्यात प्रत्येकाचं एक हाकेचं नाव असतंच, ह्याचं अजून ठरलं नव्हतं. तिनं दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं तीन अक्षरं लिहिली. मी लावली. ए, एच, ओ.

आता तिथली सगळी माणसं त्याला अहो म्हणतात. नात म्हणते, मुलगा म्हणतो. सून एकदा म्हणाली आणि मग स्वतःलाच हसली, कारण ती आपल्या नवऱ्याला अरे म्हणते.

शर्यतीच्या दिवशी परत येताना गाडीत मुलानं विचारलं, छापील नाव आता बदलता येणार नाही, चालेल ना? मी म्हटलं, राहू दे. मला ते घ्यावं लागत नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्यानं विचारलं नाही.