नगमा सिस्टरचे दोन तास

नगमाचे वडील अकोटला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत. घरातली ती पहिली नर्स. अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्याच्या आयसीयूत तिनं नऊ वर्षं काढली होती. कामाला चोख, बोलायला कमी.

एका दुपारी हिवरखेडचे महादेवराव असंबद्ध बोलू लागले. आतड्याच्या ऑपरेशनला तिसरा दिवस होता. नगमानं पाहिलं, श्वास मिनिटाला अठ्ठावीस, नाडी धावतेय, हातपाय गार, लघवीची पिशवी जवळपास रिकामी. बीपी अजून ठीक होतं. तरी जंतुसंसर्ग अंगभर पसरतोय, हे तिनं ओळखलं. तिनं ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, पेशंट सेप्सिसमध्ये चाललाय असं वाटतं."

"बीपी ठीक आहे ना, सिस्टर? तुम्ही नोंदी ठेवा. निदान आमच्यावर सोडा."

डॉक्टर यायला दोन तास लागले. ऑक्सिजन लावणं, रक्त तपासायला पाठवणं, मोठ्या डॉक्टरांना थेट बोलावणं, हे सगळं तिला येत होतं. पण आदेशाशिवाय काही करायची मुभा नव्हती. ती नोंदी ठेवत राहिली. डॉक्टर आले तेव्हा बीपी कोसळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव गेले.

त्यांच्या पत्नी लीलाबाई निघताना नगमापाशी थांबल्या. "तुले कळलं होतं न बाई? मी काचेतून तुह्या तोंडाकडेच पाहून राहिली होती. मंग काहून काही केलं नाही?"

नगमानं महादेवरावांच्या कपड्यांची पिशवी त्यांच्या हाती दिली.

वर्षभरानं तिनं नोकरी सोडली आणि अतिदक्षता विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. आपल्या देशात तो २०१७च्या सुमारास सुरू झालेला. तिथं तिला कळलं की, रोगी तपासून उपचारही ठरवणाऱ्या नर्सची ही भूमिका अमेरिकेत साठच्या दशकात आकाराला आली. डॉक्टर कमी पडत होते, म्हणून अनुभवी नर्सेसना लहान मुलांची तपासणी आणि उपचार शिकवले गेले. तेव्हाही पुष्कळांनी नाकं मुरडली होती. त्यामागचा विचार तिला मनापासून पटला. नर्स तासन्‌तास रोग्याजवळ असते, त्यातून तिची नजर तयार होते, आणि त्या नजरेला अभ्यासाची जोड मिळाली तर तिनं निर्णयही घ्यावा. भारतात मात्र शिक्षण आलं, स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अधिकार कायद्यानं दिला नाही.

शिकून परतल्यावर ती एसटीनं हिवरखेडला गेली. लीलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या.

"कळलं होतं मले," नगमा म्हणाली. "हुकूम नव्हता म्हणून थांबली मी."

लीलाबाईंचं सूप थांबलं. "आता सांगून काय होते?" सूप बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "पन आली तं. बस."

जुन्याच दवाखान्यात ती पुन्हा रुजू झाली. कार्डावर पद तेच, स्टाफ नर्स. तिनं एक पानभर स्थायी आदेश लिहून काढले. ही लक्षणं दिसली तर नर्सनं कोणते उपाय लगेच सुरू करावेत आणि कोणाला थेट फोन करावा, एवढंच त्यात होतं. प्रमुख डॉक्टर गोवर्धन राऊत तो कागद बराच वेळ वाचत बसले.

"नगमा, उद्या काही चुकलं तर?"

"सर, आज काही न केल्यानं चुकतं, ते कोणाच्या नावावर लिहायचं?"

त्यांनी चार ठिकाणी दुरुस्त्या केल्या. तीन आठवड्यांनी सही केली.

गेल्या पावसाळ्यात करिश्मा नावाच्या नव्या नर्सनं माणिकबाई या पेशंटमध्ये तीच लक्षणं पाहिली. तिनं ऑक्सिजन लावला, रक्त पाठवलं आणि थेट राऊतांना फोन केला. ड्युटीवरचे डॉक्टर तिच्यावर चिडले, पण उपचार वेळेत सुरू झाले. माणिकबाई अठराव्या दिवशी चालत घरी गेल्या.

त्यांची खाट आवरताना करिश्मानं विचारलं, "मॅडम, माहं चुकलं असतं तं?"

"तं मी आन् सर तुह्यासंग उभे राह्यलो असतो," नगमा म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.