एकोणीस थांबे

चाळिसाव्या दिवशी सकाळी राइनाबाईंनी पिशवी भरली. काळ्या चौकटीतली एकोणीस पत्रकं, चिकटपट्टी, कात्री, कागदी पेले-चमचे, आणि साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा डबा. पत्रकावर नवऱ्याचा फोटो होता: स्पास, एकोणतीस नंबरच्या मार्गावर एकतीस वर्षं ट्राम चालवलेला. सोफिया शहरात माणूस गेला की असं पत्रक दारावर लागतं, चाळिसाव्याला पुन्हा लागतं, आणि ओळखीच्यांना गहू वाटतात. राइनाबाईंना मात्र ते एकोणतीस नंबरच्या सगळ्या थांब्यांवर लावायचं होतं. आजच.

मुलगा ल्युबेन दारात आडवा उभा राहिला.

"आई, दारावर लाव, कोपऱ्यावरच्या थांब्यावर लाव, झालं. तुझा गुडघा बघ. प्रत्येक थांब्याला उतरणार, पुढच्या ट्रामची पंधरा मिनिटं वाट बघणार. संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

"उरलेली उद्या मी लावतो."

"उद्या एक्केचाळिसावा. सरक बाजूला."

स्पासला वेळापत्रक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चौदा वर्षांपूर्वी राइनाबाई बाजारातून हिवाळ्यासाठी बारा किलो लाल मिरच्या घेऊन त्याच्याच ट्राममागे धावल्या होत्या. त्यानं आरशात बघितलं, दार लावलं आणि गेला. घरी आल्यावर म्हणाला, "दहा बावीस म्हणजे दहा बावीस." राइनाबाईंनी तीन दिवस अबोला धरला, आणि बायकोसाठी न थांबलेल्या माणसाची ही गोष्ट पुढं चौदा वर्षं गल्लीभर सांगितली.

चार थांबे निभावले. पाचव्याला गुडघ्यानं हात टेकले. पत्रक लावून त्या बाकावर बसल्या, तेवढ्यात ट्राम आली आणि चालकाच्या खिडकीतून झ्लातिनानं मान बाहेर काढली. तिला ट्राम शिकवली ती स्पासनंच.

"राइनामावशी, चढताय ना?"

"चढते. पुढच्याला उतरते. मग परत चढते." त्यांनी पिशवी उघडून दाखवली.

झ्लातिनानं पत्रकं बघितली, गुडघा बघितला. "याच ट्राममध्ये बसा. उतरा, लावा, चढा."

"माझ्यासाठी थांबायचं नाही. त्याला खपलं नसतं."

"मी कुठं थांबतेय?"

पुढच्या थांब्यावर राइनाबाई उतरल्या, तशी झ्लातिनाही, रूळ फुटतात तिथला सांधा बदलायची लोखंडी पहार घेऊन खाली उतरली आणि रूळ खरवडू लागली. तिथं सांधाच नव्हता. खिडकीतून एका टोपीवाल्यानं विचारलं, "बाई, इथं सांधा कधी बसवला?"

"माती अडकलीय."

"मला तर दिसत नाही."

"म्हणून तुम्ही आत आणि मी बाहेर."

असं प्रत्येक थांब्यावर झालं. अकरावा थांबा बाजाराचा. तिथलं पत्रक लावताना राइनाबाईंनी विचारलंच, "ही लबाडी कुठं शिकलीस?"

"स्पासकाकांकडे. म्हातारं माणूस धापा टाकत येताना दिसलं की काका पहार घेऊन खाली. म्हणायचे, ट्राम थांबवायची नसते, माती काढायची असते."

राइनाबाईंच्या हातातली चिकटपट्टी हातातच राहिली. "आणि मला मिरच्यांसकट इथं टाकून गेला?"

"मी होते त्या दिवशी, शिकाऊ. म्हटलं, काका, थांबू या. तर म्हणाले, परक्यासाठी थांबलो तर कुणी विचारत नाही. बायकोसाठी थांबलो तर उद्या अख्खा डेपो बायकांसाठी थांबेल." झ्लातिनानं पहार खांद्याला लावली. "पुढच्या थांब्यावर मात्र सहा मिनिटं माती काढली. सारखे मागं बघत होते. त्यांना वाटलं, तुम्ही चालत याल."

राइनाबाई त्या दिवशी इथंच, मिरच्यांच्या पोत्यावर बसून त्याला शिव्या देत होत्या. पुढचा थांबा वळणापलीकडं. इथून दिसत नाही.

त्यांना रडू आलं आणि रागही आला, पण राग जास्त. "गाढवा, घरी येऊन सांगायचं होतंस," त्या फोटोला म्हणाल्या, आणि ट्राममध्ये चढून त्यांनी डबा उघडला. कागदी पेल्यांतून गहू साऱ्या प्रवाशांत फिरले. टोपीवाल्यानं चमचाभर खाऊन, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं, "देव त्याला क्षमा करो" म्हटलं, आणि फोटोकडं नीट बघितलं. "यांना ओळखतो मी. माझ्या आईसाठी माती काढायचे."

बारावा थांबा आला. टोपीवालाच आधी ओरडला, "चालकबाई, इथं फार माती आहे."

राइनाबाईंनी चारही कोपरे दाबून पत्रक लावलं. मग बाकावर बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन, तोंड वळणाकडं करून. मागून दुसऱ्या ट्रामनं घंटा वाजवली. झ्लातिनानं त्या दिशेला हात दाखवला आणि खरवडत राहिली. आत गव्हाचे पेले अजून हातोहात फिरत होते. सहा मिनिटं झाल्यावर राइनाबाई उठल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "सात राहिलेत."