श्वास सोडायची जागा

गुडघ्यांसाठी मी योगाच्या वर्गाला जायला लागले, तेव्हा तिथे संगीत मोबाईलवर वाजायचं. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीतल्या एका जुन्या घराचा वरचा हॉल, आम्ही दहा-बारा बायका-पुरुष, आणि शिकवणारी मुलगी आमच्याच विदर्भाकडच्या घरातली, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. शवासनात बासरी सुरू व्हायची आणि डोळा लागतो न लागतो तोच भिंतींच्या रंगाची जाहिरात. एकदा मी पडल्यापडल्याच ओरडले, "बंद कर ते, पोरी! माह्या घरी पेटी हाय, वाजवनारा बी हाय. दोघंही धूळ खात पडले."

वाजवणारा म्हणजे माझा नवरा. रेल्वेतून निवृत्त. मोठे दीर भजनं म्हणायचे आणि हे त्यांना पेटीची साथ करायचे. ह्यांनी ओळ वाजवून द्यायची आणि नुसता सूर धरून थांबायचं, दिरांनी ती ओळ उचलायची, मग पुढची. मला त्यात कधी तोंड उघडू दिलं नाही. माझा गळा फाटका, यावर दोघा भावांचं एकमत होतं. दीर गेले आणि ह्यांनी पेटी त्यांच्याच शालीत गुंडाळून कपाटावर ठेवली. घरात त्यांचा विषय निघाला की हे उठून बाहेर जायचे. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, नंतर राग यायला लागला. माझेही ते दीर होते, मलाही त्यांच्याबद्दल बोलायचं होतं, आणि घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

"काहून सांगतलं तिथं?" हे माझ्यावर उखडले. जरा वेळाने विचारलं, "गानारं कोनी हाय का?"

"कोनी नाही. सारे सतरंजीवर लोळतात."

"मंग येतो."

आधी फजितीच झाली. भजनात शेवटाकडे लय वाढवायची सवय. सूर्यनमस्कारात आम्ही त्या लयीमागे धावून धापा टाकायला लागलो. शिकवणारीने हात जोडले. मग ह्यांनी लय आवरली, पण दुसरी सवय काही सुटली नाही. ओळ वाजवायची आणि सूर धरून थांबायचं. ते कोणासाठी थांबतात हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. शिकवणारीला मात्र ते भलतंच आवडलं. "काका, आप जहाँ रुकते हो न, हम वहीं साँस छोड़ेंगे।"

तेव्हापासून ओळीवर श्वास घ्यायचा आणि हे थांबले की सोडायचा. सगळ्या हॉलने एकदम सोडलेला श्वास चांगला ऐकू येतो. तो ऐकला की हे पुढच्या ओळीला हात घालायचे. वर्ग चुकवायचे नाहीत, पण पेटी घरी आणायला तयार नसत. ती तिथेच कोपऱ्यात, शालीखाली. घरी आमचं पहिल्यासारखंच होतं.

मग हॉल रंगवायला काढला आणि पेटी घरी आणावीच लागली. आधी ती दिवाणावर नुसती पडून होती. एका सकाळी, वर्गाच्या वेळेला, मी भेंडी चिरत असताना भात्याचा आवाज आला. एक ओळ वाजली. मग सूर लांबत गेला, पुढची ओळ काही येईना. मी विळी तशीच सोडून दाराशी गेले. हे मान खाली घालून भाता हलवत होते. गाणं मला येत नाही, आणि आलं असतं तरी ह्यांनी चालवून घेतलं नसतं. मी वर्गात शिकवला तसा छातीभर श्वास घेतला आणि ह्यांना ऐकू जाईल असा सोडला.

पुढची ओळ वाजली. हे थांबले. मी पुन्हा श्वास सोडला.

"घाई काहून करून राहिली?" हे मान वर न करता म्हणाले. "दादा नव्हता करत."